टॉवेलाखालचा बस्ता

बस्त्याच्या आदल्या दिवशी अंजनाबाईंनी नवऱ्याला बिरोबाच्या देवळात नेलं, त्यांच्या तळहातावर भंडारा ठेवला आणि शपथ घ्यायला लावली. उद्या साताऱ्यात दुकानाचा उंबरा ओलांडून आत गेल्यापासून परत बाहेर येईपर्यंत तोंड उघडायचं नाही. कापडाच्या भावाबद्दल बोलणार नाही, एवढी शपथ पुरे नाही का, असं नानासोंनी विचारून पाहिलं. पण अंजनाबाईंनी या माणसाबरोबर पस्तीस वर्षं काढली होती. समोरच्याच्या म्हशीची चौकशी करता करता हा गडी भावावर कसा येतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून पाऊसपाणी, तब्येत, म्हैस, सगळंच बंद. मान हलवायला तेवढी परवानगी होती.

नानासोंनी मुकाट्याने भंडारा कपाळाला लावला, कारण मागच्या वेळचा प्रताप त्यांचाच होता. थोरल्या मुलीच्या बस्त्याला सांगलीत त्यांनी जावयाच्या सुटावर सकाळपासून दुपारपर्यंत घासाघीस केली होती. बाही उलटी करून पाहिली, कापड ताणलं, वास घेतला आणि सगळ्या सोयऱ्यांसमक्ष ‘ह्यात दम न्हाई’ असा निकाल दिला. शेवटी दुकानदाराने वैतागून ‘न्या फुकट’ म्हणत सूट त्यांच्या अंगावर फेकला, आणि नानासोंनी तो झेलला. ते सोयरे आजतागायत त्यांच्या घरी पोटभर जेवलेले नाहीत.

आता धाकट्या रविराजचं लग्न होतं आणि इथे असली गंमत परवडणारी नव्हती. रविराज डिप्लोमा झालेला, दोन एकर डाळिंब, बोलायला-चालायला बरा. पण गाव आटपाडीच्या पलीकडचं, दारात अजून मेंढरांचा वाडा, आणि मुलगा शेती करतो म्हटलं की मुलीकडचे चहा अर्धा ठेवून उठायचे. एकीने पुण्यात फ्लॅट आहे का विचारलं. दुसरीच्या मामाने उन्हाळ्यात टँकर किती येतात विचारलं आणि उत्तर ऐकायलाही थांबला नाही. मुलाची तिशी उलटली तशी अंजनाबाईंची झोप उडाली. अशात कोरेगावकडच्या गेनबांची सोनम हो म्हणाली. बी.कॉम. झालेली, आपल्याच समाजातली, धीट नजरेची मुलगी, आणि त्यांच्याकडून एकही अट नाही. यात कुठेतरी पाणी मुरतंय, असं अंजनाबाईंना वाटत राहिलं, पण तो विचार त्यांनी गिळला.

लग्नं पत्रिकेत मोडत नाहीत तेवढी बस्त्यात मोडतात. दोन्हीकडची माणसं एका गादीवर समोरासमोर बसतात, कुणाच्या आत्याला कुठली साडी यावरून एकमेकांची मनं दिसायला लागतात, आणि साड्या घड्या घालून झाल्या तरी मनांच्या घड्या काही नीट बसत नाहीत. हे स्थळ हातचं गेलं तर रविराज तसाच राहणार, हे नानासोंना कळत होतं. या खेपेला आपल्या तोंडापायी काही बिघडायला नको, असं त्यांनी स्वतःही देवाला सांगितलं होतं.

बस्ता साताऱ्यात, आणि तोही रविवारी, हे सोनमच्या आत्याने, बनुबाईंनी ठरवलं. राजवाड्याच्या खालच्या अंगाला कापडाची एक गल्ली आहे. पूर्वी तिथे बस्तेवाली आणि शाळेचे गणवेश घेणारी माणसंच यायची. मग कुणा बाईने तिथल्या इरकली साड्यांची रील टाकली, आणि कासची फुलं बघायला आलेला सगळा पर्यटक परतताना गल्लीत घुसायला लागला. हंगामातल्या रविवारी तिथे माणूस चालत नाही, नुसता वाहत जातो. गळ्यात कॅमेरे, डोक्यावर वेताच्या टोप्या, हातात भाजलेली कणसं. आणि जो तो सांगितलेल्या भावाच्या निम्म्यावर मागतो, कारण रीलमधल्या बाईने तसं शिकवलेलं. दुकानदारांनीही मग भाव दुप्पट करून ठेवले. म्हणजे सगळं होतं तेवढंच महाग राहिलं, फक्त आरडाओरडा वाढला.

दुकान धन्यकुमारांचं. हे मूळचे सांगलीकडचे जैन. त्यांचे आजोबा आणि वडील सांगलीच्या पेठेत हळदीचे व्यापारी होते, पण धन्यकुमार साताऱ्याच्या चंदनबालांशी लग्न करून सासऱ्यांच्या कापडाच्या दुकानात बसले ते बसलेच. गल्ल्यावर चंदनबाला असायच्या, आणि त्यांच्या डोक्यावर ‘एकच भाव’ अशी ठळक पाटी होती. पाटी पर्यटकांसाठी होती. बस्त्याच्या गिऱ्हाइकाने ती वाचायची नसते, हे दोन्ही बाजूंना माहीत होतं.

मंडळी गादीवर बसली. एका बाजूला नानासो, अंजनाबाई आणि रविराज. दुसऱ्या बाजूला गेनबा, बनुबाई आणि मधे सोनम. अंजनाबाईंनी बसल्या बसल्या सांगून टाकलं की ह्यांची दाढ ठणकतेय, बोलता येत नाही. बनुबाईंनी लगेच पिशवीतली लवंग काढून दिली आणि नानासोंनी ती गुमान दाढेखाली धरली. पण थोड्या वेळाने दुकानातर्फे गरम मिरचीभजी आली. नानासोंचा हात आपोआप गेला. दोन्ही बाजूंच्या दाढांनी ते भजी कुरुमकुरुम खाताहेत हे बनुबाईंनी पाहिलं, आणि तेव्हापासून त्यांच्या कपाळावरची आठी हलली नाही. दाढ दुखत नाही आणि माणूस बोलत नाही, म्हणजे माणसाच्या मनात काहीतरी आहे, असा त्यांनी हिशोब केला. बनुबाईंच्या जागी कुणीही तोच केला असता.

इकडे नानासोंचे हाल कुत्रा खात नव्हता. साड्यांचा खर्च मुलाकडचा होता आणि अंजनाबाई धसका घेऊन आलेल्या. धन्यकुमारांनी शालू उलगडून चौदा हजार सांगितले, अंजनाबाई म्हणाल्या, बरं. मानाच्या साड्या काढल्या, एकेकीचे तीन, साडेतीन हजार सांगितले, अंजनाबाई म्हणाल्या, असू द्या. चुलत्यांच्या, मावश्यांच्या, करवल्यांच्या साड्यांना तर त्यांनी भावच विचारला नाही. प्रत्येक ‘बरं’ नानासोंच्या पोटात जाऊन बसत होतं. त्यांच्या पाठीशीच एक मुंबईची बाई एका ओढणीसाठी अर्धा तास भांडून जिंकली आणि नवऱ्याला टाळी देऊन गेली, तेव्हा तर नानासोंचे डोळे पाणावले. सोनमनेही शालूच्या चिठ्ठीवरचा आकडा वाचून तोंड उघडलं होतं. पण बनुबाईंचं कोपर तिच्या बरगडीत गेलं आणि ती गप्प बसली.

शेवटी गादीच्या कडेला बावीस साड्यांचा ढीग उभा राहिला. नानासोंनी त्या ढिगाकडे पाहिलं. मग त्यांनी शपथेकडे पाहिलं, म्हणजे मनातल्या मनात ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा तपासली. तोंड उघडायचं नव्हतं. हाताबद्दल शपथेत एक अक्षर नव्हतं.

ते उठले. बायका ब्लाउजपिसांत गुंतल्या होत्या. नानासो धन्यकुमारांच्या शेजारी जाऊन उभे राहिले, ढिगावर एकदा हात ठेवला, आणि तोच हात पुढे करून त्यावर खांद्यावरचा टॉवेल टाकला.

आटपाडीच्या बाजारात मेंढराचा भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा टॉवेलाखाली हात घालतात, बोटं धरतात, दाबतात, सोडतात. आजूबाजूला पन्नास माणसं असली तरी भाव त्या दोन हातांपलीकडे जात नाही. ठरला की हातावर हात पडतो, आणि मग तो बिरोबा आला तरी फिरत नाही. या टॉवेलाखाली नानासोंना हरवणारा माणूस साऱ्या बाजारात नव्हता. दुकानदाराला यातलं काही कळेल अशी त्यांची फारशी आशा नव्हती. पण धन्यकुमारांनी त्या टॉवेलाकडे पाहिलं आणि ते जागच्या जागी थांबले. सांगलीत हळदीच्या ढिगापाशी आजोबांचा हात असाच रुमालाखाली जायचा, आणि लहान धन्यकुमार आजोबांच्या चेहऱ्यावरून भाव ओळखायचा प्रयत्न करायचे. पुढे वडिलांनी त्यांनाही ती बोटं शिकवली होती. सासऱ्यांच्या दुकानात आल्यापासून मात्र नुसती पाटी, आरडाओरडा आणि बायकोचा पहारा. त्यांनी एकदा गल्ल्याकडे चोरून पाहिलं आणि हात टॉवेलाखाली सरकवला.

दोघांचे चेहरे छताकडे. नानासोंनी दोन बोटं धरली. धन्यकुमारांनी ती सोडवून चार दिली. बराच वेळ टॉवेल उंदीर शिरल्यासारखा हलत होता. शेवटी तीन बोटांवर दोघे थांबले, आणि टॉवेलाखाली हातावर हात पडला.

इथेच घोटाळा झाला, आणि तो दोघांपैकी एकालाही कळला नाही. मेंढरांचा कळप उक्ता विकतात, सगळ्याचा मिळून एक भाव. त्यामुळे नानासोंची तीन बोटं म्हणजे अख्ख्या ढिगाचे तीस हजार. हळदीचा दर क्विंटलवर ठरतो, ढीग केवढाही असो. त्यामुळे धन्यकुमारांची तीन बोटं म्हणजे दर साडीला तीन हजार, शालू काय आणि करवलीची साडी काय, सगळ्यांना एकच.

मग दोघांनाही एकमेकांची कीव आली. बावीसातल्या निम्म्या साड्या हजार-बाराशेच्या होत्या, हे धन्यकुमारांना माहीत होतं. एवढ्या साध्या माणसाला आपण बुडवला, या जाणिवेने त्यांनी सगळ्यांना मसाला दूध मागवलं आणि अंजनाबाईंना एक पर्स भेट दिली. नानासोंना वाटलं, बिचारा बायकोच्या दुकानात नोकरासारखा राहतो आणि आज आपण त्याला पार धुतला. त्यांनी धन्यकुमारांच्या पाठीवरून मायेने हात फिरवला आणि खिशातून लग्नाची पत्रिका काढून त्यांच्या हातात दिली. असं प्रेम त्या गल्लीत बऱ्याच दिवसांत कुणी पाहिलं नव्हतं.

मग चंदनबालांनी बिल केलं. नवऱ्याने कानात सांगितलेला दर बावीसने गुणला आणि कागद नानासोंपुढे ठेवला. सहासष्ट हजार.

नानासोंनी कागद वाचला, उलटा करून वाचला, परत सुलटा केला. त्यांच्या तोंडून एक आवाज आला, पण तो शब्द नव्हता, त्यामुळे शपथ मोडली नाही. त्यांनी धन्यकुमारांचं मनगट पकडलं आणि टॉवेल टाकला. आता दुसरा सौदा सुरू झाला, आणि हा सौदा नव्हताच, मारामारी होती. नानासो तीन बोटं पिळत होते. धन्यकुमार तीच तीन बोटं परत पिळत होते, कारण त्यांच्या मते तीनच तर ठरली होती. दोघांचंही खरं होतं. टॉवेलाखालचा भाव चारचौघांत उच्चारायचा नाही हा नियम दोघांनीही पाळला, चेहऱ्यावर हसू ठेवलं, आणि खाली एकमेकांची करंगळी मोडायला आली.

तोवर पर्यटकांचं लक्ष गेलं. पुण्याच्या एका बाईंनी मोबाइल काढला आणि ही इथली परंपरा आहे का, म्हणून चंदनबालांना विचारलं. दुसरीने विचारलं, टॉवेलाखाली गेलं तर किती टक्के सूट मिळते. कुणीतरी मागून म्हणालं, रांगेत या. चंदनबाला पाटीकडे बोट दाखवत ओरडत होत्या की दुकानात एकच भाव आहे, पण रांग लागली ती लागलीच. एका गृहस्थांनी तर बायकोची स्टोल हातावर टाकून तयारी करून ठेवली होती.

बनुबाई हे सगळं बघत होत्या. त्यांच्या दृष्टीने घडत होतं ते असं. व्याही सकाळपासून एक शब्द बोलला नाही. भजी खाल्ली पण बोलला नाही. आता बस्त्याचं बिल झाल्यावर तो दुकानदाराचा हात धरून उभा आहे, घाम फुटलाय आणि पैसे काढत नाही. त्या उठून नानासोंच्या समोर आल्या.

“पावनं,” त्या म्हणाल्या, “तुमच्या मनात काय आसंल ते आसंल. पोरगी पसंत हाय का न्हाई, तेवढं एकदा तोंडानं सांगा.”

रांगेतले पर्यटकसुद्धा थांबले. नानासोंनी अंजनाबाईंकडे पाहिलं. अंजनाबाई रडवेल्या झाल्या होत्या. त्या घाईघाईने म्हणाल्या, आवं बोला, मी सोडली शपथ. पण ती शपथ त्यांची थोडीच होती सोडायला? भंडारा बिरोबाचा. शपथ मोडली तर देव कुणाच्या संसारावर उतरेल, रविराजच्याच ना? नानासोंच्या घशात ‘पसंत हाय’ येऊन बसलं होतं. सोनम त्यांना मनापासून पसंत होती. शालूचा आकडा वाचून जिचा चेहरा पडला, ती पोरगी त्यांना तेव्हाच आपली वाटली होती.

आणि मग त्यांना सुचलं. शपथ दुकानाच्या आतली होती. बाहेर बोलायला कुणाचीच आडकाठी नव्हती. त्यांनी बनुबाईंना हाताने थांबा अशी खूण केली, टॉवेल तिथेच टाकला, ताडताड दाराशी गेले, उंबरा ओलांडला, वळले आणि तोंड उघडलं.

“पोरगी—”

एवढंच बाहेर पडलं. वरच्या अंगाने दोन बसगाड्यांतले पर्यटक एकदम आले आणि नानासोंना उचलून घेऊन गेले. त्यांनी दाराची चौकट धरायचा प्रयत्न केला, पण हाताला कुणाचा तरी कॅमेऱ्याचा पट्टा लागला आणि तो माणूस किंचाळला. एक दुकान गेलं, दुसरं गेलं. एका पोराने त्यांच्या फेट्यासकट त्यांच्याबरोबर सेल्फी काढली. टोपीवाल्याने फेट्यावर वेताची टोपी चढवून भाव सांगितला, आणि नानासोंनी सवयीने निम्म्यावर मागितली. मुंडी हलवायच्या आत टोपीवाल्याने दिलीसुद्धा. पैसे मोजताना त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला की दुकानात राहिलेल्या माणसांना काय दिसलं असेल. मुलाचा बाप पोरगी पसंत आहे का विचारल्यावर उठून निघून गेला, हेच.

ते गर्दीत उलटे घुसले. कोपरं मारली, शिव्या खाल्ल्या, दोन वेळा मागे रेटले गेले. मेंढरांच्या कळपाला दुसऱ्या कळपातून काढणारा माणूस होता तो, पण मेंढरं हाक मारली की ऐकतात. दुकानापाशी पोचले तेव्हा त्यांचा सदरा फाटला होता आणि छाती भात्यासारखी हलत होती. बनुबाई पायात चपला घालून पायरीवर बसल्या होत्या आणि त्यांनी कपाळाला हात लावला होता. गेनबा बाजूला खाली मान घालून उभे होते. आता संपलं, असं नानासोंना वाटलं. आपल्याच हाताने पोराचं लग्न मोडलं होतं.

मग त्यांनी आत पाहिलं. काउंटरपाशी सोनम उभी होती. तिचा उजवा हात नानासोंच्या टॉवेलाखाली होता. टॉवेलाच्या दुसऱ्या बाजूला धन्यकुमार होते, आणि घाम पुसायला त्यांच्याकडे एकच हात मोकळा होता.

सोनम छताकडे बघत नव्हती. ती सरळ धन्यकुमारांच्या डोळ्यांत बघत होती, आणि हळू आवाजात त्यांना विचारत होती की मघाशी तुम्ही नग धरला होता की ढीग. धन्यकुमार म्हणाले, नग. ती म्हणाली, “आन मामांनी ढीग धरला. मेंढरं उक्ती जात्यात आन लोकर किलोवर जाती, मी दोनी इकल्यात. चूक कुनाचीच न्हाई. आता नव्यानं धरा.” मग टॉवेल थोडा हलला, फार नाही. धन्यकुमारांनी डोळे मिटले आणि हात खाली केला.

पायरीवरून बनुबाईंचा हुंदका ऐकू आला. त्यांनी नानासोंना पाहिलं, डोक्यावरची टोपी पाहिली, पण त्या आता पार खचल्या होत्या.

“बघितलंसा न्हवं?” त्या म्हणाल्या. “आता काय लपवू. गेनबाची दोन बोटं कडबाकुट्टीत गेली, तवापास्नं लोणंदच्या बाजारात टावेलाखाली हीच हात घालती. बाप्या मानसांच्या हातात हात. तीन ठिकानी जमलेलं ह्याच्यापायी मोडलं. मी हिला म्हनलं, बस्ता हुईस्तवर भावाचं नाव काडू नगंस. तुमी सकाळधरनं बोलंना, मला वाटलं तुमास्नी कुनीतरी सांगितलंच.”

नानासो उंबऱ्याबाहेर उभे होते. बोलायला पूर्ण मोकळे होते. पण त्यांचं सगळं लक्ष तिच्या हातावरच्या टॉवेलावर होतं. सोनम टॉवेल हातावर तसाच ठेवून दाराशी आली आणि तिने उंबऱ्यावरून हात पुढे केला.

“मामा, तुमी हो म्हनल्याबिगर पक्कं न्हाई.”

नानासोंनी हात घातला. चार बोटं आणि पाचव्याचं अर्धं पेर. पंचेचाळीस हजार. त्यांनी सवयीने एक बोट आत दुमडलं. सोनमने ते परत सरळ केलं. त्यांनी पुन्हा दुमडलं, तिने पुन्हा सरळ केलं आणि त्यावर असा अंगठा रोवला की ते बोट तिथून हलणार नाही हे नानासोंना कळून चुकलं. त्या माणसालाही दोन घास राहू द्या, असं तो अंगठा सांगत होता. आटपाडीच्या बाजारात असा हात त्यांनी कधी धरला नव्हता. त्यांनी तिच्या हातावर हात टाकला, आणि त्यांना इतका आनंद झाला की भर गल्लीत रडायला येतंय की काय, अशी भीती वाटली.

“पसंत हाय,” ते बनुबाईंना म्हणाले. “सकाळधरनं पसंत हाय.”

पण बनुबाई त्यांच्याकडे बघत नव्हत्या. गेनबाही बघत नव्हते, रविराजही नव्हता. सगळे अंजनाबाईंकडे बघत होते, कारण लग्न जमायचं की मोडायचं हे तिथे ठरणार होतं, आणि नानासोंच्या पसंतीला घरात काय किंमत आहे हे एव्हाना सगळ्यांना समजलं होतं. नानासोंचा आनंद जागच्या जागी गोठला. भाव करणाऱ्या एका माणसापायी या बाईला लेकीच्या सासरी मान खाली घालावी लागली होती. त्याच माणसाला आवरायला ती कालच देवळात गेली होती. आता दुसरं माणूस ती कशाला घरात आणेल?

अंजनाबाई गादीवरून उठल्या. नवीन पर्स बाजूला ठेवली. त्या दाराशी आल्या आणि सोनमसमोर उभ्या राहिल्या.

“किती ठरलं?”

नानासोंनी मान खाली घातली. त्यांच्या घरातून पस्तीस वर्षं मेंढरं विकली गेली, बोकड गेले, घोडीसुद्धा गेली. दर खेपेला अंजनाबाईंनी हेच विचारलं होतं आणि दर खेपेला त्यांनी हेच सांगितलं होतं की टॉवेलाखालचं तोंडाने सांगायचं नसतं. बाईमाणसाने हात घालायचा नसतो, म्हणून तेही नाही. आपल्याच मेंढराला काय आलं, हे त्या बाईला एकदाही कळलेलं नव्हतं.

सोनमने अंजनाबाईंचा हात धरला, टॉवेल वर केला आणि तो हात आत घेतला.

अंजनाबाई आधी दचकल्या. मग त्यांचे डोळे हळूहळू बारीक झाले, ओठ हलायला लागले, आणि त्या एकेक बोट चाचपत मोजताहेत हे सगळ्यांना दिसलं. शेवटच्या अर्ध्या पेरापाशी त्या थांबल्या. ते त्यांनी चिमटीत धरलं. मग दुकानात वळून धन्यकुमारांकडे पाहिलं, त्यांनी फुकट दिलेल्या पर्सकडे पाहिलं, आणि पेर काही सोडलं नाही.

“सूनबाई,” त्या म्हणाल्या, “बाकीचं ठीक हाय. एवढं पेर काडायला लाव त्याला.”

बनुबाईंनी पायरीवरच चपला काढल्या आणि पुन्हा आत येऊन बसल्या.